कारखान्यात उचल बंद झाली आणि माणसं ॲपच्या कर्जाकडे वळली. ही ॲपं बंद करावीत का?

सातपूर_हिशेब

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन युनिटमध्ये मी अकरा वर्षं मस्टर आणि पगार बघते. छत्तीस माणसं, निम्मी ठेकेदाराची. पगार ७ तारखेला. माझ्या कपाटात उचलीची एक निळी वही असायची. वीस तारीख उलटली की कोणी ना कोणी दारात उभा, "मॅडम, दोन हजार भेटतील का?" नाव, रक्कम, सही, पुढच्या पगारात कपात. व्याज नाही. गेल्या दिवाळीत ठेकेदाराची दोन पोरं उचल घेऊन गावी गेली ती परत आलीच नाहीत. साडेसात हजार बुडाले. मालक म्हणाले, वही बंद. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं. महिनाअखेरीची ती रांग नकोशी झाली होती.

जूनमध्ये ऑफिसच्या फोनवर एक बाई. "अमुक तुमच्याकडे कामाला आहे ना? त्याला हप्ता भरायला सांगा." दोन दिवसांनी माझ्या व्हॉट्सॲपवर आमच्या वेल्डरचा फोटो. आधार कार्डावरचा, खाली लाल अक्षरांत 'चोर'. मला कशाला? तर त्याच्या मोबाईलमध्ये माझा नंबर 'हापिस मॅडम' म्हणून सेव्ह आहे आणि ॲपने सगळी नावं उचलली होती. त्याची सासू, किराणावाला, मुलीच्या शाळेचा व्हॅनवाला, सगळ्यांना तो फोटो गेला.

जेवणाच्या सुट्टीत त्याला केबिनमध्ये बोलावलं. हातमोजे काढून त्याने मांडीवर ठेवले, फोन माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. डिलिव्हरी चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडायला घेतला.

पहिलं कर्ज १०,००० चं. प्रोसेसिंग फी ६०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, असे ७०८ आधीच कापले. खात्यावर आले ९,२९२. तीन हप्ते, प्रत्येकी ३,५३५. म्हणजे हातात आलेल्या पैशांवर १,३१३ जादा गेले. ॲपच्या पहिल्या पानावर 'महिना फक्त ३ टक्के', म्हणजे वर्षाचे ३६. पण कर्जासोबत आलेल्या माहितीपत्रकात सगळं धरून वार्षिक दर दिलाय ८३ च्या आसपास. तो आकडा दुसऱ्या पानावर आहे. दुसरं पान त्याने उघडलंच नव्हतं.

त्या कर्जाच्या तिसऱ्या हप्त्याला पैसे कमी पडले म्हणून दुसरं घेतलं, मेसेजमध्ये आलेल्या एका लिंकवरून. मागितले ५,०००, आले ३,२५०, सात दिवसांत भरायचे ५,०००. आठवड्याला चौपन्न टक्के! वर्षाचा दर काढला तर २,८०० च्या वर जातो. कॅल्क्युलेटर चुकला की काय म्हणून मी दोनदा मोजलं. फोटो पाठवणारे ते हेच.

माझं घोडं अडतंय ते पहिल्या कर्जापाशी. ते त्याने मोटरसायकलचं इंजिन बसलं म्हणून घेतलं होतं. राहायला म्हसरूळला, ड्युटी बऱ्याचदा रात्रपाळीची. त्या वेळी बस नाही, रिक्षा परवडत नाही. गाडी नाही म्हणजे खाडा, आणि एक खाडा ६५० चा. दोन खाडे वाचले तरी ते १,३१३ जवळजवळ वसूल. त्याच्या जागी मी असते तर मीही घेतलं असतं.

मालक म्हणतात, सरकारने ही ॲपं बंदच केली पाहिजेत. माझा मुलगा म्हणतो, ज्याला घ्यायचंय त्याला घेऊ दे, तू कोण ठरवणारी? मला दोघांचंही पटत नाही. व्याजाला वरची मर्यादा घालावी का? घातली तर त्या रात्री वेल्डर कुठे गेला असता? माझ्याकडे तर येऊ शकत नव्हता, वही मीच बंद केली होती.

वहीखातं_६२

ताई, पंचवटीतल्या एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात मी ३१ वर्षं काढली. हिशेब चोख मांडलात. पण आधी ही दोन कर्जं वेगळी करा. लोक दोन्हींना 'ॲपचं कर्ज' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

दुसरं ते कर्जच नव्हे, खंडणी आहे. पैसे भरले तरी ते परत मागतील. १९३० वर फोन करून सायबरची तक्रार नोंदवा, स्क्रीनशॉट पुसू नका. तो फोटो ज्यांना गेला त्यांना त्याने स्वतः एक मेसेज टाकावा की फोन हॅक झालाय. लाजेपोटी माणूस गप्प बसतो आणि त्यांचा धंदा त्यावरच चालतो. अशांसाठी नवा कायदा काय करणार? आहे तोच ते मोडतायत.

पहिलं कर्ज कायद्यातलं दिसतंय. फी दाखवली, पैसे थेट त्याच्या खात्यावर आले, माहितीपत्रक दिलं. हे सगळं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये घातलेल्या नियमांमुळे. कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही, हेही त्यातच आलं. ते माहितीपत्रक म्हणजे केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट), ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक सगळ्या किरकोळ कर्जांना लागू झालं. वार्षिक दर त्यात लिहावाच लागतो. तुमचा ८३ चा आकडा दिसला तो त्याच्या कृपेने.

आता मर्यादेचं. आपल्या राज्यात मर्यादा आहेच की! महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्के, इतरांकडून १८, त्याहून जास्त घेता येत नाही. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. आणि बाजारात भाव काय? शेकडा दहा, तोही महिन्याचा. माझ्या उमेदीच्या काळात शेकडा पाच होता. कायद्याच्या पुस्तकात १८ आणि भाजीबाजारात १२०, मधली सगळी जागा अंधारात.

बरं, ॲपमागच्या नोंदणीकृत कंपन्यांना हा कायदा लागूच नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तीय कंपन्यांवर राज्यांचे सावकारी कायदे चालत नाहीत. रिझर्व्ह बँक स्वतः त्यांना आकडा घालून देत नाही, 'अवाजवी नको' एवढंच म्हणते. अवाजवी म्हणजे किती ते तिच्या मनात. मायक्रोफायनान्सला पूर्वी व्याजाची मर्यादा होती, ती एप्रिल २०२२ पासून काढली. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये चार कंपन्यांना जादा दरापायी नवीन कर्जवाटप थांबवायला लावलं. आधी गोठ्याचं दार उघडायचं आणि मग गुरं मोजत बसायची.

माझं मत विचाराल तर मर्यादा हवी, पण ती व्याजाच्या टक्क्याला नको. व्याज बांधलं की फी वाढते, फी बांधली की 'सदस्यत्व शुल्क' निघतं. हातात आलेल्या रकमेवर एकूण किती जादा घेता येईल, तो आकडा बांधा.

आणि हे आमच्याच बिरादरीला टोचेल तरी लिहितो. तुमचा वेल्डर आमच्याकडे आला असता तर आम्ही काय सांगितलं असतं? आधी सभासद व्हा, शेअर्स घ्या, दोन जामीनदार आणा, शनिवारी कमिटीची बैठक आहे. तोवर इंजिन गंजलं असतं.

द्वारका_ते_देवळाली

काका म्हणाले ते शनिवारच्या कमिटीचं एकदम खरं. मी गेलतो एका पतसंस्थेत. जामीनदार आणायचा म्हणजे अर्ध्या गल्लीला सांगायचं की माझ्याकडे पैसे नाहीत. एक जण सही करतो आणि वर्षभर लग्नकार्यात भेटला की विचारतो, "फिटलं का रे?"

मी डिलिव्हरी करतो, आठवड्याला पैसे येतात, कधी चार हजार तर कधी अठराशे. आजवर सात वेळा ॲपवरून घेतलंय, सातही वेळा फेडलं. बायकोचं मंगळसूत्र एकदा सराफ बाजारात ठेवलं होतं. व्याज ॲपपेक्षा कमी, मान्य. पण तिने चार महिने गळ्यात काळी पोत घातली आणि माझ्याशी धड बोलली नाही, त्याचा टक्का कोण काढणार?

म्हणून बंदी म्हणणाऱ्यांना माझा एकच सवाल. बंद करा, पण रात्री साडेनऊला टायर फुटल्यावर माझा फोन तुम्ही उचलाल का? महाग आहे ते मला कळतं, येडा नाही मी. रिक्षा पण बसपेक्षा महाग असते.

एक गोष्ट मात्र बंद करा. हप्ता भरला की पाच मिनिटांत मेसेज येतो, 'अभिनंदन, तुमची मर्यादा आता २५,०००'. मी मागितले नव्हते. सातातली दोन कर्जं मी त्या मेसेजपायी घेतली, गरज नव्हती. एकात मोबाईल घेतला, दुसऱ्याचं काय केलं ते आठवत नाही.

गंगापूर_रोड

स्पष्ट बोलतो, राग नको. ऐपत नसताना कर्ज काढायची सवय लागलीय लोकांना. आमच्या वडिलांनी कधी कोणाचा रुपया घेतला नाही. आधी खर्चाला शिस्त लावा, मग कायदे.

सातपूर_हिशेब

दादा, इंजिनाला शिस्त कशी लावायची तेवढं सांगा.

आणि दुसरंही सांगते. आमचा माणूस १ तारखेपासून राबतो आणि पैसे बघतो पुढच्या ७ ला. म्हणजे महिनाभराची मजुरी त्याने कारखान्याला उधार दिलेली असते, बिनव्याजी. त्याने वीस तारखेला त्यातलेच दोन हजार मागितले की आपण म्हणतो, ऐपत नाही. हे मलाही तो चलनावरचा हिशेब करताना कळलं, अकरा वर्षं पगारपत्रक करून.

नाशिकरोड_लीड्स

मूळचा जेल रोडचा, सध्या लीड्सला. इंग्लंडमध्ये हा वाद होऊन गेलाय म्हणून लिहितो.

इथे 'पेडे लोन' म्हणतात, पगाराच्या दिवशी फेडायचं कर्ज. २ जानेवारी २०१५ पासून सरकारी नियामकाने तीन खुंट्या ठोकल्या. दिवसाला ०.८ टक्क्यापेक्षा जास्त आकार नाही, हप्ता चुकला तर दंड जास्तीत जास्त १५ पौंड, आणि सगळं मिळून मुद्दलाच्या दुपटीपेक्षा जास्त कधीच वसूल करायचं नाही. मर्यादा मोडणारा करार असेल तर तो कोर्टात चालत नाही. वहीखातंकाका म्हणतात तसा 'एकूण आकडा' बांधला तो हाच. त्या वेळची सगळ्यात गाजलेली कंपनी होती वोंगा, ती ऑगस्ट २०१८ मध्ये बुडाली. मर्यादा आणि जुन्या ग्राहकांच्या भरपाईचे दावे, दोन्हींचा भार.

पण ताई, आता गंमत बघा. दिवसाला ०.८ म्हणजे ३० दिवसांना २४ टक्के. तुमच्या वेल्डरचं पहिलं कर्ज महिन्याला सात टक्क्यांच्या आसपास पडतं. इंग्लंडची ही कडक मर्यादा उद्या नाशिकला लावली तरी त्याला धक्का लागत नाही. दुसऱ्याला लागतो, सात दिवसांचे इथे ५.६ टक्के होतात आणि त्याचे ५४ घेतले. पण त्याला ना परवाना ना पत्ता, मर्यादा लावणार कोणाला?

अमेरिकेत राज्याराज्यांचं वेगळं. काहींनी ३६ टक्क्यांवर आणून धंदाच गुंडाळला, तर काही राज्यांत १०० डॉलरला दोन आठवड्यांचे १५ डॉलर चालतात, वर्षाचे ३९१ टक्के. कर्जदाराची फेडायची ताकद आधी तपासा, असा केंद्रीय नियम २०१७ मध्ये आणला आणि तेवढाच भाग २०२० मध्ये काढून टाकला. २०१४ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण संस्थेने कर्जांची छाननी केली तेव्हा दहातली आठहून जास्त कर्जं १४ दिवसांच्या आत एकतर पुढे ढकललेली किंवा त्यामागोमाग दुसरं काढलेली निघाली. तुमच्या वेल्डरनेही तेच केलं की, तिसऱ्या हप्त्यासाठी नवं कर्ज. इंग्लंडमध्ये म्हणूनच २०१४ मध्ये असं कर्ज पुढे ढकलण्यावर बंधन आलं, दोनदाच, तिसऱ्यांदा नाही. माझ्या मते टक्क्यापेक्षा ही खुंटी जास्त कामाची. देवळालीवाल्या दादांना येतो तो 'अभिनंदन'चा मेसेजही त्याच खुंटीला बांधला पाहिजे.

जाता जाता, इथल्या पतसंस्थांनाही मर्यादा आहे, महिन्याला ३ टक्के. काकांनी आपल्या कमिटीला सांगावं.

वहीखातं_६२

महिन्याला तीन? आमच्या वार्षिक सभेत नुसतं बोललो तरी खुर्च्या उडतील. तसं पाहिलं तर लहान रकमेला ते रास्त आहे. पाच हजारांच्या कर्जाला आणि पाच लाखांच्या कर्जाला आमच्या शिपायाला सारखीच पायपीट पडते.

एक सांगायचं राहिलं. कर्ज घेतल्यावर मन बदललं तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. २०२२ च्या नियमात सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला यासाठी किमान तीन दिवस होते. मे २०२५ च्या नव्या निर्देशांत किती दिवस द्यायचे ते कंपनीवर सोडलंय, किमान एक दिवस. निवडीच्या स्वातंत्र्यावर गळा काढणारे याबद्दल गप्प आहेत. घेताना स्वातंत्र्य, आणि परत करायला एक दिवस?

नोंदणीकृत कंपन्यांच्या ॲपांची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. पुढची लिंक दाबण्याआधी त्यात नाव बघायला सांगा. कंपन्यांनी कळवलेली नावं जशीच्या तशी टाकलीयत, त्यामुळे यादीत आहे म्हणून चांगलं असं नाही. पण यादीत नाही म्हणजे हात लावायचा नाही.

सातपूर_हिशेब

उशिरा लिहितेय, महिनाअखेर होती.

१९३० वर तक्रार नोंदवली, मीच शेजारी बसून फोन लावून दिला. त्याने सगळ्यांना मेसेज टाकला. सासूबाईंनी उत्तर दिलं, 'पैसे पाहिजे होते तर सांगायचं होतं'. तो म्हणाला, मॅडम, फोटोपेक्षा हे जास्त लागलं.

बंदीचं माझं उत्तर आता जवळजवळ 'नको' असं आहे. एकूण रकमेला खुंटी हवी, एकावर एक कर्ज चढवायला खुंटी हवी, आणि ते ८३ पहिल्या पानावर, '३ टक्के'च्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवेत. पण हे दिल्ली-मुंबईचं काम. माझ्या हातात निळी वही आहे.

मालकांशी तीनदा बोलले. शेवटी साडेसात हजारांचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवला. अकरा वर्षांत उचलीत बुडालेली एकूण रक्कम तेवढीच, साहेब, आणि परवा एका खाड्यामुळे ट्रकभर माल थांबला तेव्हा तुम्ही किती बोललात आठवा. कबूल झाले. झालेल्या कामाच्या निम्म्यापर्यंतच उचल, ठेकेदाराच्या माणसांना ठेकेदाराची सही. वीस तारखेला वही उघडली. पहिल्या आठवड्यात पाच नावं.

वेल्डरचं नाव त्यात नव्हतं. मला वाटलं, भागलं असेल. काल सहज विचारलं तर म्हणाला, रविवारी रात्री परत ॲपवरून घेतले तीन हजार, मुलीला ताप होता. यादी बघून घेतले, हे मात्र आवर्जून सांगितलं. अरे, मग वही उघडली होती ना? तर म्हणे, मॅडम, वही तुमच्या कपाटात, कपाटाला साडेपाचला कुलूप, आणि मी येतो रात्री अकराला.

वही आणि थोडी रोकड रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे ठेवू द्या, असं उद्या मालकांना सांगणार आहे. ते नाहीच म्हणणार. वहीखातंकाका, रोकड न ठेवता हे कसं जमेल, काही सुचतंय का?